मिरची पावडरचा बॅच मूळ पोत्यापर्यंत मागे कसा न्यायचा? (हिंगणा एमआयडीसी, छोटं युनिट)

हिंगणा_मसाले
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ हिंगणा एमआयडीसीत मिरची, हळद आणि धने पावडरचं युनिट आहे. मिरची बहुतेक कळमना बाजारातून आडत्याकडून येते, थोडी थेट भिवापूर-उमरेडकडून. देठ खुडायला माल बाहेर सातऱ्यावर जातो. परत आला की दोन पल्व्हरायझर (दळायची यंत्रं), एक रिबन ब्लेंडर (पावडर मिसळायचं यंत्र), मग २०० आणि ५०० ग्रॅमची पाकिटं, १० किलोचे खोके. पुढे वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामातून रवानगी. हिशेब टॅलीत, उत्पादनाची नोंद वहीत.

आता एका मोठ्या खरेदीदाराची अट आहे: पाकिटावरचा बॅच नंबर सांगितला की ४ तासांत कच्चा माल कुणाचा होता ते दाखवायचं, आणि त्याच कच्च्या मालातून आणखी काय बनलं, कुठे गेलं, तेही किलोसकट. आज आम्ही पॅकिंगची तारीखच बॅच म्हणून छापतो. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? टॅलीत भागेल का? बारकोड पोत्यापासून लावावा की खोक्यापासून? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

गुणवत्ता_कक्ष
सॉफ्टवेअरचं नंतर बघा, भाऊ. आधी माल एकमेकांत कुठे कुठे मिसळतो ती ठिकाणं कागदावर काढा. तुमच्या वर्णनात चार दिसतात: आडत्याकडे पोती भरण्याची जागा, सातरा, पल्व्हरायझरचं हॉपर (माल ओतायचं तोंड) आणि ब्लेंडर. पाचवं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ते असतंच: फुटलेल्या आणि कमी वजनाच्या पाकिटांतली पावडर, जी परत ब्लेंडरमध्ये जाते. माल मिसळला की जुना लॉट संपला आणि नवा सुरू झाला. या पाच जागी कोणता लॉट किती किलो आत गेला आणि कोणता नवा लॉट किती किलो बाहेर आला, हे टिपलं गेलं नाही तर कितीही महागडी सिस्टीम आणा, माग लागणार नाही.

पोत्यापासून सुरुवात करा. लिलावात ढेरी शेतकऱ्यानुसार वेगळी असते, पोती भरताना ती एक होते. खरेदीदाराला शेतकऱ्यापर्यंत जायचं असेल तर टॅग तिथेच, काट्यावर बांधायला हवा. आडत्यापर्यंत चालत असेल तर एक आडत्या, एक वाण, एक दिवस मिळून एक लॉट धरा. एका ट्रकमध्ये तीन आडत्यांचा माल असेल तर आवक पावतीवर तीन लॉट. 'ट्रक नंबर हाच लॉट' ही पद्धत सोडून द्या.

सर्वात जास्त माग तुटतो तो सातऱ्यावर. दोन लॉट एकाच ताडपत्रीवर ओतले की खेळ संपला. एका ताडपत्रीवर एकच लॉट, आणि ती झाडल्याशिवाय दुसरा ओतायचा नाही. पाठवताना वजन घ्या. परत येताना खुडलेली मिरची, देठ आणि बी-चुरा यांची वजनं वेगवेगळी घ्या. मिरची तुटू नये, ठसका कमी लागावा म्हणून तिथे पाणी शिंपडतात, त्यामुळे वजन फुगतं आणि हिशेब जुळत नाही. म्हणून ओलावा दोन्ही वेळा मोजा. पावडरसाठी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) ओलाव्याची मर्यादा ११ टक्के आहे. ओली मिरची तशीच थप्पीला लावली तर बुरशी आणि अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीच्या विषाचा) धोका वेगळाच.

दळण्याच्या प्रत्येक फेरीला वजनाचा ताळा घाला. उदाहरण घ्या: आत लॉट अ २४० किलो, लॉट ब ३६० किलो, एकूण ६००. बाहेर पावडर ५८१, चाळणीवरचा भरडा ८, बॅग फिल्टरची (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांची) धूळ ५. उरले ६ किलो, म्हणजे १ टक्का. दळताना मिरची तापते, ओलावा उडतो आणि थोडी पावडर यंत्रात चिकटते, त्यामुळे एवढी घट समजण्यासारखी आहे. पण बाहेरचं वजन आतल्यापेक्षा जास्त भरलं तर एखादं पोतं नोंद न होता ओतलं गेलं असावं, असं धरा. तेव्हा ती फेरी तिथेच थांबवून शोधा. आठवड्यानंतर ते सापडत नाही.

स्टोअर_ते_टॅली
टॅलीत सुरुवात नक्की होते. टॅलीप्राइममध्ये एफ११ मधून बॅच चालू करा, मग प्रत्येक स्टॉक आयटमला बॅचचा पर्याय 'हो' करा. दळणं आणि ब्लेंडिंगसाठी स्टॉक जर्नलखाली मॅन्युफॅक्चरिंग जर्नल (कोणता माल वापरून काय बनलं याची नोंद) बनवा. सातऱ्याचं वेगळं गोडाऊन उघडा, म्हणजे बाहेर किती माल पडलाय ते रोज दिसेल.

यात दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली म्हणजे बॅच न निवडता एंटर मारत गेलं की माल 'प्रायमरी बॅच'मध्ये जाऊन बसतो. महिनाभरात तिथे मोठा साठा दिसतो आणि तो कुणाचा हे कुणीच सांगू शकत नाही. रोज संध्याकाळी प्रायमरी बॅचची शिल्लक शून्य आहे का, एवढं एक बघा. दुसरी, बीओएम (कशात काय किती लागतं याची ठरलेली यादी) लावला की जर्नलमध्ये ठरलेलं प्रमाण आपोआप भरलं जातं आणि ऑपरेटर तेच ठेवून पुढे जातो. मग कागदावर ताळा नेहमी जुळतो, प्रत्यक्षात काट्यावर काहीही असो. किलो काट्यावरूनच घ्या.

टॅलीच्या रिपोर्टमध्ये बॅचची एक पायरी चांगली दिसते. पाकीट ते ब्लेंड ते दळण ते पोतं अशी साखळी मात्र तुम्हालाच एकेक उघडत जावी लागते, आणि घाईत तिथेच चूक होते. त्यासाठी शेजारी एक साधा तक्ता ठेवा: नवा लॉट, जुना लॉट, किलो, वेळ. एका ओळीत एकच जुना लॉट. ब्लेंडमध्ये चार लॉट गेले तर चार ओळी. एकाच चौकटीत स्वल्पविराम देऊन चार नंबर लिहिले की शोध लागत नाही, आणि हेच सर्वत्र पाहायला मिळतं. या तक्त्यावरून मागे आणि पुढे दोन्हीकडे जाता येतं. पुढे डेटाबेस घ्याल तेव्हा हाच तक्ता तसाच उचलता येईल.

लॉट नंबर ८ आकडी आणि निव्वळ आकड्यांचा ठेवा: २ आकडे वर्षाचे, ३ वर्षातल्या दिवसाचे, १ यंत्राचा, २ फेरीचे. २५१६३२०४ म्हणजे २०२५ चा १६३ वा दिवस (१२ जून), यंत्र २, फेरी ४. रात्रपाळी सुरू झाली त्या दिवसाचाच आकडा पाळी संपेपर्यंत चालवा, नाहीतर मध्यरात्री एकाच फेरीचे दोन नंबर होतात. एक्सेल वापरत असाल तर नंबरचा रकाना आधी 'टेक्स्ट' करा. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक राहतं. १८ आकडी एसएससीसी (पॅलेटचा ओळख क्रमांक) साध्या रकान्यात टाकला तर शेवटचे तीन आकडे शून्य होतात.

लेबल_आणि_स्कॅनर
बारकोड पोत्यापासूनच लावा, पण पोत्यावर लेबल चिकटवू नका. तागाच्या बारदानावर ते टिकत नाही, विणलेल्या प्लास्टिकच्या पोत्यावर मिरचीच्या धुळीने निघून येतं. शिवलेल्या तोंडाला बांधायचा टॅग वापरा. डायरेक्ट थर्मल कागद टाळा. आपल्याकडे मे महिन्यात ताडपत्रीखालच्या ट्रकमध्ये तो काळा पडू शकतो. रिबनवाला थर्मल ट्रान्सफर प्रिंटर घ्या. घासलं जाणारं लेबल असेल तर वॅक्स-रेझिन रिबन, साधी वॅक्स नको.

आतल्या वापराला कोड १२८ हा बारकोडचा प्रकार पुरतो. आकडे सम संख्येत असले की तो दोन-दोन आकडे एका चिन्हात बसवतो, म्हणून वर सुचवलेला ८ आकडी नंबर लहान आणि ठसठशीत येईल. देवनागरी अक्षरं त्यात बसत नाहीत. ती शेजारी माणसांसाठी छापा.

खोक्यावर खरेदीदाराला जीएस१-१२८ (त्याच बारकोडचा ठरलेल्या मांडणीचा प्रकार) लागेल. क्रम असा ठेवा: (०१) १४ आकडी जीटीआयएन म्हणजे वस्तूचा क्रमांक, (१५) बेस्ट बिफोर तारीख वर्ष-महिना-दिवस अशी ६ आकडी, आणि सगळ्यात शेवटी (१०) बॅच. बॅचची लांबी ठरलेली नसते. ती मध्ये टाकली आणि मागे एफएनसी१ विभाजक दिला नाही, तर स्कॅनर पुढची तारीखही बॅचमध्येच वाचतो. लेबल वाचलं जातं, पण चुकीचं वाचलं जातं, म्हणून ही चूक गोदामात पोचेपर्यंत लक्षात येत नाही. २०३ डीपीआय प्रिंटरवर मिलिमीटरला ८ ठिपके येतात. सर्वात बारीक रेघ ४ ठिपक्यांची ठेवली की अर्धा मिलिमीटर होते, लांबूनही वाचते. दोन्ही बाजूंना त्या रेघेच्या १० पट कोरी जागा सोडा.

आणखी एक, मराठीत काम करणाऱ्यांसाठी खास. यूएसबी स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. विंडोजवर मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर स्कॅन केलेली अक्षरं भलतीच देवनागरी उमटतात. स्कॅनिंगच्या मशीनवर फक्त इंग्रजी लेआउट ठेवा, मराठी टायपिंग दुसऱ्या मशीनवर करा.

हिंगणा_मसाले
मनापासून आभार. एक अडचण आहे. पल्व्हरायझर आणि सायक्लोन (हवेतून पावडर वेगळी करणारं नळकांडं) प्रत्येक फेरीनंतर पूर्ण साफ करणं शक्य नाही, अर्धी पाळी त्यातच जाईल. मग आधीच्या फेरीची पावडर पुढच्या फेरीत येणारच. हे कसं दाखवायचं?

गुणवत्ता_कक्ष
ते लपवायचं नाही, लिहायचं. नियम असा करा: दोन फेऱ्यांमध्ये पूर्ण सफाईची सही नसेल तर आधीची फेरीसुद्धा नव्या फेरीच्या 'जुन्या लॉट'मध्ये धरायची. किलोच्या जागी अंदाजाने यंत्रात राहणारी पावडर लिहा. ती एकदा यंत्र रिकामं करून, सायक्लोन आणि बॅग फिल्टर झाडून मोजून घ्या.

याचा परिणाम नीट समजून घ्या. सोमवारपासून शनिवारपर्यंत सफाई झालीच नाही, तर सोमवारच्या एका खराब पोत्यापायी पूर्ण आठवड्याचा माल परत बोलवावा लागू शकतो. रोज सकाळी एकदा पूर्ण कोरडी सफाई झाली तर तो एका दिवसापुरता राहतो. म्हणजे सफाई किती वेळा करायची, हे तुम्ही किती माल परत घ्यायची तयारी ठेवता यावर ठरवा. दिवसात एकाच आडत्याचा माल सलग लावला तर मधल्या फेऱ्यांना सफाई न करूनही फारसं नुकसान नाही. हळद-धने आणि मिरची मात्र एकाच यंत्रावर सफाईशिवाय कधीच नाही.

परत दळायच्या भरड्याला आणि फुटलेल्या पाकिटांच्या पावडरीला स्वतःचा लॉट नंबर द्या आणि त्याच दिवशीच्या त्याच ब्लेंडमध्ये संपवा. कोपऱ्यातल्या ड्रममध्ये साठवून महिनाअखेरीला थोडी-थोडी मिसळली तर तो ड्रम सगळ्या बॅच एकमेकांना जोडून टाकतो.

पॅकिंगवरही हेच. ब्लेंड बदलला म्हणून पाकिटावर नंबर छापणाऱ्या कोडरवर बॅच बदलली, पण मशीनच्या हॉपरमध्ये जुनी पावडर शिल्लक, असं फार होतं. हॉपर रिकामं होऊ द्या, मग नंबर बदला. बॅचसोबत तास-मिनिटंही छापा. तक्रार आली की पाळीतला नेमका भाग वेगळा काढता येतो.

वाडी_डिस्पॅच
पुढच्या टोकाचं सांगतो. वाडीच्या गोदामात पॅलेट फुटतं, खोकी सुटी होऊन वेगवेगळ्या गाड्यांत जातात. म्हणून फक्त पॅलेटच्या एसएससीसीवर विसंबू नका. खोक्यावर बॅच हवीच, आणि गाडी भरताना खोकीच स्कॅन करा. ई-वे बिलात बॅचचा रकाना नाही. ई-इन्व्हॉइसमध्ये बॅचची माहिती ऐच्छिक आहे, ती भरा, आणि चलनावर बॅचनिहाय खोकी लिहा.

एफएसएसएआयच्या २०१७ च्या रिकॉल (माल परत बोलावण्याच्या) नियमांप्रमाणे माल कुणाला गेला याच्या नोंदी बेस्ट बिफोर उलटल्यावर आणखी १ वर्ष ठेवायच्या असतात. त्यामुळे वही असो वा संगणक, बॅकअप इमारतीबाहेरही असू द्या.

हातात धरायचे हॅन्डहेल्ड स्कॅनर घेतलेत तर वेळ नेटवरून आपोआप लावून ठेवा आणि नेट गेलं तरी नोंद साठवणारं अॅप निवडा. एका मशीनचं घड्याळ २० मिनिटं मागे असलं तर पाकीट दळण्याआधी बनल्यासारखं दिसतं, आणि ऑडिटर नेमका तिथेच अडतो.

४ तासांचा सराव करताना पाकीट किराणा दुकानातून विकत आणा, ऑफिसातल्या यादीतून बॅच निवडू नका. आधी मागे पोत्यापर्यंत जा, मग त्या पोत्याच्या लॉटपासून पुढे सर्व बॅच काढा. पाठवलेलं, गोदामात असलेलं, परत आलेलं आणि नमुन्यासाठी ठेवलेलं धरून एकूण किलो बनलेल्या पावडरीशी जुळवा. बहुतेक वेळा फरक निघतो तो परत आलेल्या खोक्यांत, कारण ती टॅलीत आयटम म्हणून जमा होतात, बॅचशिवाय.