जुनं भरतकाम फ्लॅटमध्ये कसं लावावं? (पर्वरी, पश्चिमेचा हॉल)

माडाखालची

नमस्कार मंडळी. डिचोलीचं घर दिरांकडे सोपवून आम्ही पर्वरीला फ्लॅटमध्ये राहायला आलो. सासूबाई सोबत आल्या आणि त्यांच्यामागून त्यांची ट्रंक आली. परवा ती एकदाची उघडली.

दुसुतीवर भरलेला मोठा टेबलक्लॉथ निघाला, चारी कोपऱ्यांत पोपट. एका पोपटाची चोच निम्मीच भरलेली (तेवढ्यात लग्न ठरलं, इति सासूबाई). क्रोशाचे पांढरे रुमाल ढीगभर, त्यात रेडिओवर घालायचं झाकणसुद्धा. त्यांच्या आईची, म्हणजे धारवाडच्या आजीची, कशिदा काढलेली काळी चंद्रकळा. त्यात माझी भर म्हणजे हणजूणच्या बुधवारच्या बाजारात लमाणी बाईकडून घेतलेला आरशांचा एक पट्टा. आणि लग्नातले दोन चितारी (रंगवून लाख चढवलेले) पाट.

नवऱ्याचं म्हणणं, सगळं काचेच्या फ्रेममध्ये बसवून सोफ्यामागच्या भिंतीवर लावून टाकू, भिंत भरून जाईल. सासूबाई म्हणतात, "ती काय कॅलेंडरं आहेत भिंतीला लावायला? आणि चंद्रकळेला कात्री लावाल तर याद राखा." सोफ्यामागची भिंत बाहेरची आहे, गेल्या पावसात तिचे पापुद्रे निघाले होते. समोरच्या भिंतीपलीकडे बाथरूम. हॉलमध्ये दुपारी तीननंतर ऊन थेट आत येतं.

काच बरी की नुसतंच टांगावं? साडीचं काय करू? आणि पाट भिंतीवर चालतील का? घर दुकानासारखं दिसायला नको, एवढीच अपेक्षा.

कांपालकर

पापुद्रे निघणाऱ्या भिंतीवर आझुलेजो, म्हणजे हाताने रंगवलेल्या पोर्तुगीज टाइल्स लावा, विषय संपला. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदारातले निळे-पांढरे फलक बघून या. १९३५ साली पोर्तुगीज चित्रकार झोर्झ कोलासो यांनी केलेले, इतके पावसाळे गेले तरी अजून बघत राहावेसे वाटतात. हाताने रंगवलेल्या टाइल्स आता गोव्यातच बनतात, फोंतान्यांत फिरलात तर घरांच्या नावांच्या पाट्याच पाट्या दिसतील. भरतकामासाठी फ्रेम, वरून स्पॉटलाइट आणि कोपऱ्यात ओल शोषणारं मशीन. झालं.

फोंड्याची शिवणबाई

कांपालकर, टाइल्सचं पटलं. स्पॉटलाइटचं अजिबात नाही. भरतकामावर सतत उजेड मारला की आधी दोऱ्याचे रंग उतरतात, मग दोराच कडक होतो.

बाय, मी शाळेत शिवण शिकवायचे. मुलींच्या आयांनी, आज्यांनी भरलेलं पुष्कळ काही हाताखालून गेलं. वापरून विटलेलं त्यात थोडं, भिंतीवर कुजलेलं जास्त. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांच्या घरात असते आणि ६५-७० च्या वर गेली की बुरशीला रान मोकळं. तेव्हा पहिला नियम लिहून ठेव: पावसाळ्यात कापड भिंतीवर नाही. दसऱ्यानंतर लावायचं, मे संपायच्या आत उतरवायचं. चवथीला गणपतीवर बांधलेली फळा-पानांची माटोळी आपण वर्षभर ठेवतो का?

आता भिंत तपास. जाड प्लास्टिकचा हातभर चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लाव आणि दोन दिवस तसाच ठेव. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती हवेतली. भिंतीतून येत असेल तर ती भिंत टाइल्सना दे, कापडाला नको. बाथरूमच्या भिंतीलाही हाच न्याय.

काचेचं सांगते. काच वाईट नाही, काच कापडाला टेकणं वाईट. मध्ये माउंटची जाड पट्टी हवी, नाहीतर आत वाफ धरते आणि कापड काचेला चिकटतं. फ्रेमवाल्याला बजावून सांग, गोंद नको. गावातल्या एका फ्रेमवाल्याने माझ्या नणंदेचा मोर पुठ्ठ्यावर असा चिकटवून दिला की तो आता पुठ्ठ्यासकटच जाईल. पुठ्ठ्यावर धुतलेला मांजरपाट ताणायचा आणि भरतकाम त्याच्यावर कडेने टाके घालून बसवायचं. फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो.

तुझा दुसुतीचा टेबलक्लॉथ मात्र फ्रेममध्ये घालू नकोस, एवढी मोठी काच तुमच्याकडून पेलवणार नाही. तो टांगायचा. खिळे नकोत, चिमटे नकोत, सगळा भार चार बिंदूंवर येतो आणि तिथेच फाटतं. मांजरपाटाची चार बोटं रुंदीची पट्टी घे. आधी गरम पाण्यातून दोनदा धुऊन तिची खळ काढ, खळीवर कसर येते. पट्टीची नळी करून टेबलक्लॉथच्या मागे वरच्या कडेला धावदोऱ्याने शिव, टाका मागच्या एक-दोन धाग्यांतच धरायचा, पुढे दिसता कामा नये. नळीत अॅल्युमिनियमचा पडद्याचा रॉड. बांबू छान दिसतो पण त्याला भुंगा लागतो. चोच सासूबाईंना भरायची असेल तर भरू दे, तू किंवा मी भरू नये.

चंद्रकळेला कात्री लावायचं कारणच नाही. कर्नाटकी कशिदा कापडावर न छापता धागे मोजून काढतात, गाठ मारत नाहीत. त्यातले गावंती आणि मुरगी हे टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात. मग ती भिंतीला लावून निम्मं काम झाकायचं कशाला? हॉल आणि जेवणाच्या टेबलाच्या मधे छताला जाड गोल दांडा टांग आणि पदर त्यावरून सोड. गोपूर, हत्तीची अंबारी, तुळशीवृंदावन जे काही असेल ते जाता-येता दोन्हीकडून दिसेल. नेगी किंवा मेंथी असेल तर मागची बाजू वेगळी दिसते, ते आधी उलटून बघ. आणि पाहुणे येणार असतील तेव्हा, सणावाराला, आठ-पंधरा दिवस. एका घडीवर साडी महिनोन्महिने राहिली की तिथेच चिरते. पश्चिमेच्या उन्हाच्या रेषेत तर मुळीच नको.

क्रोशा टांगला की स्वतःच्या वजनाने लोंबतो. रिठ्याच्या पाण्यात धू, टॉवेलवर टाचण्यांनी ताणून सुकव, आणि शिसवी टीपॉयवर, गडद लाकडावर घाल. पांढरी जाळी गडदावरच उठते. रेडिओचं झाकण रेडिओवरच. नसेल तर राउटरवर घाला, सासूबाई खूश होतील.

लमाणी पट्टा जड असतो आणि आरशांच्या कडा धारदार, त्याला मागून अस्तर हवंच. तो मी देवखोलीच्या दारावर तोरणासारखा लावेन. एका खोलीत एकच मोठी वस्तू, बाकीचं ट्रंकेत. पुढच्या वर्षी दुसरं काढायचं.

कुंकळ्ळकार

पाटांवर माझं थोडं. आमच्याकडे चितारी अजून काम करतात, त्यामुळे हा प्रश्न लोक नेहमी विचारतात. मागे भोक पाडून किंवा हूक ठोकून पाट टांगू नका. सांध्याला धक्का बसला की वरचा रंग आणि लाख दोन्ही सुटतात. भिंतीपासून दोन बोटं सोडून अरुंद फळी लावा, पुढे बारीक पट्टी ठोका आणि पाट तिच्यावर उभे ठेवा. उन्हाने लाख मऊ पडते, म्हणून खिडकीसमोर नको. पुसायला कोरडं सुती फडकं, ओलं नाही. शिवाय चवथीला किंवा घरात मुंजीला तुमच्या सासूबाई पाट मागणारच, तेव्हा हाताने उचलता आले पाहिजेत.

आणखी एक. भिंत भरायचीच असेल आणि नवीन काही घ्यायचं असेल तर यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायकांची कौदी बघा. आपल्या वाकळीची बहीण. जुन्या कपड्यांचे तुकडे, एका कोपऱ्यापासून सुरुवात करून कडेकडेने आत येत शिवलेले, आणि चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या तुकड्यांची फुलं. या लोकांच्या पूर्वजांपैकी बरेचसे पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणले होते, तिथून निसटून ते घाटावरच्या रानात गेले. म्हणजे गोव्याच्या भिंतीवर तिचा हक्क आहेच. पलंगावर घातली तर आणखी बरी, ती अंगावर घ्यायलाच केलेली असते.

माडाखालची

सगळ्यांचे आभार. प्लास्टिकचा प्रयोग केला. सोफ्यामागे आतून पाणी, बाथरूमच्या भिंतीवर दोन थेंब, स्वयंपाकघराकडची आतली भिंत कोरडी ठणठणीत. टेबलक्लॉथ तिकडे जाईल. नवऱ्याने लगेच टाइल्सचे दर काढायला घेतले.

चंद्रकळा उलटून पाहिली, शिवणबाई. पदराच्या कडेची अंबारी दोन्हीकडून एकसारखी, मधल्या पट्ट्याची मागची बाजू मात्र वेगळी, सगळे दोरे लांबलांब. दांड्याची कल्पना सासूबाईंना पटली, अट एकच, पदर जमिनीला टेकायचा नाही.

दोन शंका. पावसाळ्यात हे सगळं नक्की ठेवायचं कसं, घडी की गुंडाळी? आणि कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकड्याचे उशांचे अभ्रे शिवले तर या सगळ्याशी जुळतील का?

फोंड्याची शिवणबाई

लांबलांब दोरे म्हणजे नेगी. मग त्या पट्ट्याची सुलट बाजू हॉलकडे येईल असा पदर सोड, अंबारी दोन्हीकडून दिसेलच.

गुंडाळी. प्लंबिंगचा जाड पीव्हीसी पाइप घे, त्याला मांजरपाट गुंडाळ, आणि भरतकामाची बाजू बाहेर ठेवून कापड त्याच्यावर सैल गुंडाळ. आत ठेवलीस तर टाके चेपून सुरकुततात. वरून पुन्हा मांजरपाट, सुती नाडीने बांध. प्लास्टिकची पिशवी नको, आत घाम धरतो. डांबरगोळ्या घालायच्या तर फडक्यात बांधून, जरीला आणि आरशांना लागू देऊ नकोस. पावसाने चार दिवस उघडीप दिली की सगळं काढून पंख्याखाली सावलीत पसर. ट्रंक जमिनीवर नको, दोन लाकडी पट्ट्यांवर ठेव.

कुणबी चौकडा घे, पण बेताने. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी कुणबी साडी पुन्हा पुढे आणली तेव्हापासून लाल-पांढरा चौकडा छापून विकणारेही वाढलेत. छापील असेल तर उलट्या बाजूला रंग फिका पडतो, विणलेल्यात दोन्ही बाजू सारख्या. लाल रंग सुटतो का ते ओल्या पांढऱ्या कापसाने घासून बघितल्याशिवाय शिवू नकोस. दोन अभ्रे पुरेत. पोपटांच्या बाजूला चार लाल चौकडे ठेवलेस तर पोपट दिसणारच नाहीत.

घाई नसेल तर जानेवारीत कला अकादमीजवळ दर्या संगमला लोकोत्सव भरतो, देशभरचे कारागीर स्वतः माल घेऊन येतात. तिथे कापड हातात घेऊन, उलटून, करणाऱ्याशी बोलून घेता येतं. मांजरपाट मात्र आत्ताच आण, म्हापशात शुक्रवारी मिळेल. पाइप तुझ्या सर्वांत रुंद कापडापेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त घे, म्हणजे उचलताना हात कापडाला लागत नाहीत.