शंभर फुटी रस्ता : वाटणी कुणाकुणाची?

कृष्णाकाठ : सांगलीचा शंभर फुटी रस्ता नावाप्रमाणे ३० मीटर धरला, तर वाटणी अशी बसते : दुभाजक १.४ मीटर, दोन्हीकडे दोन-दोन लेन मिळून ६.५ मीटर, आणि मग प्रत्येक बाजूला पार्किंगला २.२, सायकलला २, पदपथ आणि झाडांना ३.६. गाड्यांना चार लेन पूर्ण मिळतात. जाते ती दुकानांपुढची गाड्यांची फुकटची आडवी-तिडवी रांग, आणि ती जायलाच हवी. दक्षिण कोरियातल्या सोल शहराने २००३ ते २००५ मध्ये अख्खा उन्नत महामार्ग पाडून त्याखालचा ओढा मोकळा केला. आपल्याला तर काही पाडायचंही नाही.

गॅरेजवाला : सोलमध्ये भुयारी रेल्वे आहे, इथं लोक वडापवर, म्हणजे शेअर जीप-रिक्षांवर चालतात. वडाप थांबणार कुठं? आणि ट्रकच अडीच मीटर रुंद, तो तुमच्या २.२ च्या पट्ट्यात मावणार कसा? तो लेनमध्ये येणार, मागं मिरजेच्या दवाखान्याला निघालेली रुग्णवाहिका अडकणार.

कृष्णाकाठ : ट्रकचा मुद्दा मान्य. ठरावीक अंतरावर झाडांचा पट्टा आत घेऊन ३ मीटरचा थांबा करायचा, सकाळी आठच्या आत माल उतरवायचा, नंतर तीच जागा वडापला. रुग्णवाहिका आज अडते ती दुहेरी पार्किंगमुळं.

मुरूम-खडी : खरा घोळ जमिनीखाली आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसती वाळू पसरून पेव्हर ब्लॉक बसवले की खचणारच. माती काढा, मुरूम दाबा, त्यावर खडी, मग साधारण ३० मिमी वाळू, मग ब्लॉक. कडेला काँक्रीटची पट्टी नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात, सांध्यांतून पाणी शिरतं. आणि पदपथ १५० मिमीपेक्षा उंच नकोच. उंच केला की प्रत्येक दुकानदार आपला उतार ओततो, गटाराची तोंडं बुजतात आणि म्हातारी माणसं रस्त्यावरून चालतात.

विश्रामबागकर : सायकलपट्ट्याला माझा विरोध आहे. स्कूटर अडवायला तोंडाशी खांब रोवले तरी व्हीलचेअरसाठी १.२ मीटर फट लागते, तिच्यातून स्कूटर सहज जाते. आधी रस्ता ओलांडायच्या जागा करा. पण १.४ च्या दुभाजकात पावणेदोन मीटरची सायकल उभी राहत नाही, चाक लेनमध्ये येतं.

मुरूम-खडी : ओलांडायच्या जागी पार्किंग संपवा, दोन्हीकडच्या लेन ३०-३० सेंमी बाहेर सरकवा. दुभाजक २ मीटर होतो. तिथंच रस्ता १०० मिमी उचलला तर वेग आपोआप उतरतो. फक्त चढाच्या आधी पाण्याला जाळी ठेवा, नाहीतर तळं साचेल.

गॅरेजवाला : आठच्या आत गॅरेज उघडतच नाही. माल उतरवायला दुपारी २ ते ४ द्या, मग पार्किंगचं बोलू.