शेडचा कॅमेरा बाहेरून दिसेना, आयपीव्ही६ने काम होईल का?

सातपूरकर: नमस्कार मंडळी, दिंडोरीकडे आमचं द्राक्षाचं पॅकिंग शेड आहे, तिथले कॅमेरे मी घरी बसून मोबाईलवर बघायचो, डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून राऊटरमधून थेट त्याच्यापर्यंत यायची वाट, केलेलं होतं. मागच्या महिन्यात नेटवाला बदलला आणि सगळं बंद. राऊटरमध्ये वॅन आयपी (नेटवाल्याने राऊटरला दिलेला पत्ता) १००.७२ असा काहीतरी दिसतो, गुगलवर माझा आयपी बघितला तर भलताच. नेटवाला म्हणतो स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कायम तोच राहणाऱ्या स्वतःच्या पत्त्याचे, वेगळे पैसे भरा. रात्री माल शेडमध्येच असतो हो, जीव टांगणीला लागलाय. आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू कर म्हणतात, खरंच होईल का?

नेटवर्क_नाशिक: दादा, १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता म्हणजे सीजीनॅट, नेटवाला एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटतो ते. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात दहा बिऱ्हाडं, पण घरनंबर एकच, तसं. खरा पत्ता नेटवाल्याच्या मशीनवर आहे, त्यामुळे तुमच्या राऊटरवर पोर्ट उघडून काही होत नाही. आयपीव्ही४, म्हणजे पत्त्यांची जुनी पद्धत, ३२ बिटचं, पत्ते सगळे मिळून साधारण ४२९ कोटी, आणि जगाचा मुख्य साठा फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून संपला. आयपीव्ही६ १२८ बिटचं आहे, प्रत्येक डीव्हीआरला स्वतःचा पत्ता मिळतो. राऊटरमध्ये चालू करा आणि डीव्हीआरला काय पत्ता आला ते सांगा.

सातपूरकर: केलं. एफई८० ने सुरू होणारा आलाय, मोबाईलवरून उघडत नाही.

सिडकोचा_पोरगा: काका तो फक्त घरातल्या घरात चालतो, बाहेरच्यासाठी २ ने सुरू होणारा पाहिजे. नेटवाल्याला फोन करून विचारा तुमच्या लाईनवर आयपीव्ही६ सोडलंय का. आणि एक कळकळीचं सांगतो, राऊटरचा फायरवॉल (बाहेरून आत येणारं अडवणारा पहारा) अजिबात बंद करू नका, फक्त डीव्हीआरचं पोर्ट तेवढं उघडा, पासवर्ड आधी बदला. आयपीव्ही६मध्ये नॅटची (एका पत्त्यामागे सगळी यंत्रं झाकणारी सोय) आड नसते, फायरवॉल काढला की आतलं सगळंच उघड्यावर.

सातपूरकर: फोन केला, त्यांनी लाईनवर चालू करून दिलं, डीव्हीआर रिस्टार्ट केल्यावर २४०१ वाला पत्ता आला. पासवर्ड बदलला, पोर्ट उघडलं आणि सिमच्या नेटवरून चारही कॅमेरे दिसले! क्रेटची थप्पी, वजनकाटा, सगळं स्वच्छ. पण मुलाच्या अंबडच्या ऑफिसच्या वायफायवरून काही उघडत नाही.

नेटवर्क_नाशिक: तिथे अजून नुसतं आयपीव्ही४ असणार. दोन्ही एकमेकांशी थेट बोलत नाहीत, म्हणून तर इतकी वर्षं दोन्ही शेजारी शेजारी चालवावी लागतायत. मुलाला म्हणावं ऑफिसात वायफाय बंद करून सिमवर बघ. आणि डीडीएनएस (पत्ता बदलला तरी एकाच नावाने सापडायची सोय) लावून घ्या, तुमचा तो २४०१ वाला पत्ता पण बदलू शकतो.