‘कप वाजवला आणि स्टार झाली’ म्हणणाऱ्यांना

कुरळे_केस:
काल ‘तिसरी घंटा’ यांची पोस्ट वाचली आणि अजून डोक्यातून जात नाहीये. ज्यांची सुटली असेल त्यांच्यासाठी, म्हणणं असं होतं की अभिनेत्री मिथिला पालकरने एक कप वाजवला, यूट्यूबवर ‘लिटिल थिंग्ज’ ही एक सिरीज केली आणि स्टार झाली, आणि इकडे आमची पोरं दहा दहा वर्षं एकांकिका करतात त्यांना कुत्रं विचारत नाही. खाली सगळ्यांनी माना डोलावल्यात.

मला नाही पटलं. आधी तो कपच घेऊ. मार्च २०१६ चा व्हिडिओ. ‘ही चाल तुरु तुरु’, शांताबाई शेळक्यांचे शब्द, देवदत्त साबळ्यांची चाल, जयवंत कुलकर्णींचा आवाज, आपल्या आईबाबांच्या कॉलेज गॅदरिंगमधलं गाणं. ते तिने कपाच्या ठेक्यावर गायलं. तुम्ही कधी करून बघितलंय? मी बघितलंय, स्टीलचा पेला घेऊन ओट्यावर. टाळी, टाळी, पेल्याच्या बुडावर बोटं, टाळी, उचल, ठेव, इथपर्यंत जमतं. पुढे मनगट उलटं करून पेला धरायचा आणि त्याचं तोंड तळहातावर आपटायचं, तिथे माझा ठेका दर वेळी सुटतो. ती हे करताना गातेय, सुरात गातेय, आणि चेहऱ्यावर कुठे मोजणी दिसत नाही. कथक आणि शास्त्रीय गाणं शिकलेली मुलगी आहे, ते असं कामाला येतं.

आणि त्याच्या आधी काय? २०१४ ला ‘माझा हनिमून’ ही शॉर्ट फिल्म, फिल्टरकॉपी या यूट्यूब चॅनलचं न्यूज दर्शन, २०१५ ला ‘कट्टी बट्टी’मध्ये छोटासा रोल, शिवाय क्यूटीपी या मुंबईच्या नाटक कंपनीच्या मंडळींबरोबर नाटकाचं काम. मग २०१६ ला गर्ल इन द सिटी ही वेब सिरीज आणि ऑक्टोबरात लिटिल थिंग्ज, पहिला सीझन पाचच एपिसोडचा. म्हणजे तुम्ही ज्याला रातोरात म्हणताय ती रात्र दोन वर्षांची होती.

आता मी एवढी का चिडलेय ते सांगते. २०१३ ला मी एका डेली सोपच्या ऑडिशनला गेले होते, सकाळी नऊपासून बसले होते, चार वाजता नंबर लागला आणि समोरचा माणूस माझा संवाद ऐकायच्या आधीच म्हणाला केस सरळ करून या, असे केस घरंदाज वाटत नाहीत. मी आईकडून पैसे घेऊन केस सरळ केले. त्या केमिकलचा वास चार दिवस उशीला येत होता. रोल मिळालाच नाही आणि पुढचे सहा महिने केस गळत राहिले ते वेगळंच. आणि मग तीन वर्षांनी फोनच्या स्क्रीनवर लिटिल थिंग्जमधली काव्या कुलकर्णी, म्हणजे मिथिलाच, दिसली, डोक्यावर माझ्यासारखंच कुरळं जंगल, ढगळ टीशर्ट, जेवणावरून बॉयफ्रेंड ध्रुवशी भांडतेय, आणि ती हिरॉइन आहे. हिरॉइनची मैत्रीण नाही, हिरॉइन. मी लोकलमध्ये रडले होते, खरंच सांगते. त्या मुलीला ‘कपवाली’ म्हणू नका.

तिसरी_घंटा:
ताई, तुमच्या केसांचं वाचून वाईट वाटलं, त्यात वाद नाही. पण माझा मुद्दा तुम्ही बाजूलाच ठेवलात. मी तिला टॅलेंट नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. मी म्हणतोय की तसंच टॅलेंट आमच्याकडेही आहे आणि त्याला दार नाही.

आमच्या तालुक्याच्या ग्रुपमध्ये एक मुलगी होती. एकोणिसाव्या वर्षी तिने सत्तरीची म्हातारी केली होती, मेकअप नाही, फक्त पाठ आणि मान. एका प्रयोगाला लाइट गेले तर ती थांबली नाही, अंधारात बोलत राहिली, आणि चारशे माणसांच्या हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ती पोरगी रात्रीच्या एसटीने मुंबईला गेली, आणि तिथे पहिला प्रश्न काय? इन्स्टावर किती फॉलोअर्स आहेत. तिच्याकडे तेव्हा स्मार्टफोनच नव्हता. आज ती पतपेढीत काउंटरवर बसते.

आणि मिथिला आजी-आजोबांकडे दादरला राहत होती. दादर! तिथून ऑडिशन देऊन रात्री घरी येऊन गरम जेवता येतं. आमच्या पोरीला त्या शहरात दोन रात्री काढायला सुद्धा नातेवाईक नव्हता. फरक कपाचा नाही, पत्त्याचा आहे.

बूम_धरणारा:
मी साउंडवाला. नाटकातून आलो, आता जास्त वेबचंच काम करतो, दोन्हीकडचं मीठ खाल्लंय म्हणून बोलतो.

एक गोष्ट दोघंही विसरताय, ती म्हणजे डेटा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डिसेंबरपर्यंत फुकट, आणि लिटिल थिंग्ज आली ऑक्टोबरात. त्याच्या आधी परमनंट रूममेट्स ही वेब सिरीज २०१४ ला येऊन गेली होतीच, चांगली चाललीही, पण तेव्हा पोरं वायफाय शोधत फिरायची. २०१६ च्या शेवटी बसमध्ये, हॉस्टेलच्या जिन्यात, रात्री गोधडीत फोन घेऊन अख्खा एपिसोड बघता यायला लागला. भाडिपा हे मराठी यूट्यूब चॅनल पण त्याच वर्षी सुरू झालं. जी माणसं त्या चार-सहा महिन्यांत तयारीत उभी होती ती दिसली. ती तयारीत उभी होती हे खरं, आणि गाडी तेव्हाच आली हे पण तितकंच खरं.

दुसरं म्हणजे फोनवरचा अभिनय. नाटकात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं असतं, इथे लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माईक, छातीवर असतो, श्वास सुद्धा रेकॉर्ड होतो. मी एकांकिका स्पर्धा जिंकलेले चांगले चांगले करंडकवाले सेटवर ओरडताना बघितलेत, बिचाऱ्यांना कळतच नाही की माईक सहा इंचावर आहे. तिला ते कळलं होतं. ती वाक्य गिळते, मध्येच हसते, अर्धं सोडून देते. ते कौशल्यच आहे, भले करंडक मिळत नसेल त्याला.

तर्री_पोहा:
तुमचं चालू द्या, पण मला एक सांगा, ती काव्या कुलकर्णी नागपूरची ना? सिरीजमध्ये नागपूरचीच दाखवलीय ना? मग मला तिच्या बोलण्यात नागपूर कुठेच कसं ऐकू आलं नाही? मी चारही सीझन बघितले, पहिला यूट्यूबवर आणि २०१८ पासूनचे नेटफ्लिक्सवर, कान देऊन बघितले. एक ‘काहून’ नाही, एक ‘करून राहिली’ नाही, आईशी फोनवर बोलताना तरी? आमच्याकडची पोट्टी मुंबईत दहा वर्षं राहिली तरी आईचा फोन आला की दुसऱ्या मिनिटाला ‘हाव ना, जेवून राहिली न मी’ वर येते. माझीच बहीण पुण्यात आयटीत आहे, ऑफिसात एकदम कडक बोलते आणि फोन उचलला की नागपूर चालू.

नागपूर फक्त नावाला घेतात. लांबचं गाव पाहिजे ना, घरापासून दूर आलेली मुलगी दाखवायला, तर घ्या नागपूर.

शुद्धलेखन:
सिरीज हिंदी-इंग्रजी आहे, अख्ख्या देशासाठी आहे, त्यात वऱ्हाडी कशाला हवी? आणि स्पष्टच बोलतो, ‘करून राहिली’ हे हिंदीचं भाषांतर आहे, मराठी नाही. उगाच प्रत्येक ठिकाणी अस्मिता आणू नका.

तर्री_पोहा:
मराठी नाही? तुम्ही कोण ठरवणारे बाप्पा? माझी आजी नव्वद वर्षं जगली, तिला हिंदी सिनेमाही कळायचा नाही, आणि ती असंच बोलायची. शाळेत आम्हाला पुस्तकातली मराठी वेगळी आणि घरची वेगळी. मी पुण्यात हॉस्टेलला मेसवाल्या काकूंना ‘थोडा सांबार टाका न वरून’ म्हटलं तर काकूंनी इडलीसोबतचं सांबार आणून ठेवलं आणि अख्खी पंगत हसली. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यानंतर दोन वर्षं मला ‘सांबार’ म्हणूनच हाक मारायचे. मी त्या मेसमध्ये बोलणंच बंद केलं होतं. तुम्हाला अस्मिता वाटते, आमचं तोंड बंद होतं त्याने.

भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी टीव्हीवर घराघरात नेली, मान आहे त्यांना, पण लोकांनी ती घेतली हसायला. प्रेमात पडलेली, नोकरीच्या टेन्शनमध्ये असलेली, रडणारी वऱ्हाडी मुलगी कुठे दाखवता?

शुद्धलेखन:
तुमच्याबरोबर मेसमध्ये जे झालं ते चुकीचंच झालं. पण त्याचा राग माझ्यावर काढू नका. बोली घरात ठेवावी, माध्यमात प्रमाण वापरावी, एवढंच म्हणणं आहे.

तर्री_पोहा:
घरात ठेवावी! म्हणजे तुमची बाहेर आणि आमची घरात. वा रे न्याय. मी यापुढे तुम्हाला उत्तर देणार नाही.

अकलूजचा_जावई:
अहो, २०१६ मध्येच २९ एप्रिलला सैराट आला. अकलूजची रिंकू राजगुरू, शाळकरी मुलगी, तिकडच्याच बोलीत बोलली आणि सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. सिनेमा यायच्या आधीच राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख झाला होता. बोलीने काही अडलं का? तेव्हा ‘बोली घरात ठेवा’ म्हणणाऱ्यांनी ते एकदा आठवावं. आणि तिसरी घंटा, तिचा पत्ता दादर नव्हता.

तिसरी_घंटा:
तिला शोधत दिग्दर्शक गावात आला होता हो. नागराज मंजुळे करमाळ्याकडचे, त्यांना माहिती होतं कुठे बघायचं. आमच्या गावात कोण येतंय?

वडसा_लाइन:
गडचिरोलीतून बोलतोय. तुम्ही दार दार करताय, आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर रोज रात्री मंडप लागतो, रात्रभर नाटक चालतं, हजारो माणूस जमिनीवर बसून बघतो. वडसा देसाईगंजला नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, तिथून बुकिंग होतं. आमच्या नट्यांना गावागावात लोक नावाने ओळखतात, रात्री एका गावात प्रयोग, सकाळी गाडीत झोप, संध्याकाळी दुसऱ्या गावात मेकअप. २०२३ ला परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे मुंबईवाल्यांनी झाडीपट्टी शब्द ऐकला. प्रसिद्धी म्हणजे मुंबईने बघणं एवढंच असतं का? मी माझ्या मावशीला विचारलं होतं, वीस वर्षं काम केलंय तिने, ती म्हणाली मला टीव्हीत जायचं नाही, मला फक्त म्हातारपणी पेन्शन पाहिजे.

कुरळे_केस:
धागा कुठल्या कुठे गेला. सांबारपर्यंत. पण तर्री पोहा, तुमचं वाचून मी गप्प बसले थोडा वेळ. मी काव्यामध्ये माझे केस बघितले आणि खूश झाले, तुम्ही त्याच काव्यात तुमची भाषा शोधत होतात आणि ती नव्हती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मात्र ते तिच्या माथी मारू नका, नट लिहिलेलं बोलतो. आणि २०१७ च्या मुरांब्यात तिची मराठी ऐका, अमेय वाघसमोर सचिन खेडेकर-चिन्मयी सुमीतसारखी माणसं असलेल्या सिनेमात ती कुठे कमी पडत नाही. पुढच्याच वर्षी कारवाँमध्ये इरफान आणि दुलकर सलमानबरोबर होती. कपावर कुणी इरफानसमोर उभं करत नाही.

एडिसनहून:
इकडे माझी रूममेट तेलुगू, तिने मला लिटिल थिंग्ज दाखवली, मी तिला नाही. तिला मिथिला पालकर मराठी आहे हे माझ्याकडून कळलं, मग तिने तुरु तुरु लावलं आणि आठवडाभर किचनमध्ये शब्द न कळता म्हणत होती. माझ्या आईचं आवडतं गाणं एक तेलुगू मुलगी न्यू जर्सीत भाकरीच्या पिठात हात घालून म्हणतेय. मला तेवढ्यासाठी तरी त्या मुलीचे आभार मानायचेत.

तिसरी_घंटा:
ठीक आहे. ‘कप वाजवून स्टार’ हे वाक्य मी मागे घेतो, ते रागात लिहिलं होतं. दोन वर्षं कामात होती हे मला माहीत नव्हतं. पण पत्त्याचा मुद्दा मागे घेत नाही. त्याला तुमच्यापैकी कुणीच उत्तर दिलेलं नाही.

बूम_धरणारा:
उत्तर नाहीच माझ्याकडे. मुंबईत खोलीचं भाडं मीच कसं भरतो मला माहीत. पण तुमच्या त्या पतपेढीतल्या मुलीला आता तरी फोन आहे ना? ती म्हातारी, पाच मिनिटांचा तुकडा, खिडकीसमोर बसून करू दे. पंखा बंद, फोन बाजूच्या खुर्चीवर, आणि दुसरा फोन पदरात लपवून आवाज वेगळा रेकॉर्ड. जोडायचं काम मी करतो, पैसे नकोत.

तर्री_पोहा:
आणि तिला सांगा आपल्याच बोलीत कर म्हणावं.

तिसरी_घंटा:
विचारतो. दुसऱ्या शनिवारी पतपेढी बंद असते. ती हो म्हणेल का माहीत नाही, चार वर्षं झाली तिने स्टेजवर पाय ठेवलेला नाही.