भाजे लेण्यातले ते दोघे: सूर्य आणि इंद्र, की राजा मांधाता?

शैलगृही (धागाकर्ता)

लोणावळ्याच्या बाजूला मळवलीजवळच्या भाजे या बौद्ध लेण्यांत दक्षिण टोकाला एक छोटा विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान, आहे. त्याच्या व्हरांड्यात एका खोलीच्या दाराच्या डाव्या अंगाला चार घोड्यांच्या रथातला पुरुष कोरला आहे, तर उजव्या अंगाला प्रचंड हत्तीवर बसलेला पुरुष. पहिला सूर्य आणि दुसरा ऐरावतावरचा इंद्र, असे वाटाडे सांगतात आणि पुस्तकांतही बहुधा तसेच छापलेले असते. मला हे बारसे घाईने उरकलेले वाटते.

रथातल्या दोन स्त्रियांचे हात पाहावेत. एकीने छत्र धरले आहे, दुसरीने चवरी. बोधगयेच्या दगडी कठड्यावरही चार घोड्यांच्या रथातला सूर्य आहे, परंतु तिथे त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्त्रिया धनुष्य ताणून उभ्या आहेत, कारण त्या उषा आणि प्रत्युषा असून अंधाराला पिटाळून लावत आहेत. छत्र-चामर ही राजचिन्हे होत. म्हणून काही अभ्यासकांनी इथे बौद्ध कथांमधला चक्रवर्ती मांधाता पाहिला, जो पृथ्वी जिंकून स्वर्गात गेला, शक्राच्या (बौद्ध कथांमध्ये इंद्राचे हेच नाव) अर्ध्या आसनावर बसला आणि उरलेल्या अर्ध्याच्या लोभाने खाली कोसळला. मला हा अर्थ अधिक पटतो.

सह्यवाट

छत्र आणि चवरी देवांनाही असतात, त्यामुळे केवळ त्यांवरून देव बाद करता येणार नाही. शिवाय रथाच्या खाली जे अवाढव्य, बेढब देह पसरले आहेत, त्यांचे काय करायचे? सूर्य मानला तर तो अंधाराचा राक्षस म्हणून सहज उलगडतो. बौद्ध विहारात सूर्य आणि इंद्र कशाला, असा आक्षेप कोणी घेईल, पण तो टिकत नाही. बोधगयेचा सूर्य बौद्ध कठड्यावरच आहे, आणि शक्र तर जातककथांमध्ये, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मींच्या गोष्टींमध्ये, पदोपदी भेटतो.

शैलगृही

तो आक्षेप माझाही नाही. पण खालच्या देहांना आपण अंधार म्हणतो, ते वरचा पुरुष सूर्य आहे हे आधीच गृहीत धरल्यामुळे. आणि मग त्याच अंधाराच्या बळावर वरच्याला सूर्य ठरवतो. हा पुरावा नव्हे, गोल फिरणे आहे.

सह्यवाट

मान्य, परंतु तेच माप तुम्हालाही लागू होते. उजवीकडच्या पटात वेदिकेने (कठड्याने) वेढलेले झाड आहे. मांधातावादी त्याला उत्तरकुरू या पौराणिक प्रदेशातला वस्त्रे देणारा कल्पवृक्ष म्हणतात, तेही मांधाता आधी ठरवूनच. भरहुतच्या बौद्ध स्तूपावरील शिल्पांवर कोरक्यांनी नावेच कोरून ठेवली असल्यामुळे तिथे वाद मिटतो. भाज्याच्या या पटांवर असे एकही अक्षर नाही.

मृदंगप्रिय

याच उजव्या पटात खाली एक स्त्री नाचते आहे आणि दुसरी वाद्यांची जोडी वाजवते आहे. तिचे छायाचित्र ‘दोन हजार वर्षांपूर्वीचा तबला’ म्हणून सगळीकडे फिरते. दोन तोंडांवर दोन हात एवढे दिसते, हे खरे. पण तबल्याचा प्राण शाईत, म्हणजे पुडीवरच्या काळ्या लेपाच्या वर्तुळात, आहे आणि शाई काही दगडात दिसत नाही. नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांचे, म्हणजे चामड्याने मढवलेल्या तालवाद्यांचे, सविस्तर वर्णन आहे. या जोडीला पुष्कर एवढेच म्हणावे आणि थांबावे. (अमीर खुस्रोने तबला शोधला या गोष्टीचा पाडाव करण्यासाठी या बिचारीला वेठीला धरण्याची गरज नाही.)

सह्यवाट

ही तर आमच्याच चर्चेची धाकटी आवृत्ती झाली. मी एवढेच म्हणेन, की रूढ नाव बदलायचे तर नव्या नावाने जुन्यापेक्षा जास्त आकृत्या उलगडल्या पाहिजेत. हत्तीने सोंडेत मुळासकट उपटून धरलेले झाड इंद्राच्या वादळी स्वभावाला शोभते. मांधात्याच्या गोष्टीत ते कुठे बसते?

शैलगृही

स्वारीवर निघालेल्या सम्राटाच्या मस्तवाल हत्तीने झाड उपटणे मला अवघड वाटत नाही, तरी हा मुद्दा तुमच्या पारड्यात टाकतो. त्या बदल्यात एका आकृतीचा हिशेब मात्र तुम्ही द्यावा. त्याच पटाच्या तळाशी घोड्याच्या तोंडाची एक स्त्री आहे. अशी यक्षिणी पदकुसलमाणव जातकात येते; वाटसरूंना पकडून खाणारी ती एका ब्राह्मणाच्या प्रेमात पडते आणि त्याला गुहेत ठेवते. इंद्राच्या स्वारीत ती कोण म्हणून आली आहे?