पोरीचं नाव ‘तारा’: कोल्हापुरात ठेवावं का टाळावं?

करवीरची आत्त्या:
भावाला मुलगी झालीय. रविवारी बारसं. आत्त्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा आणि मी ‘तारा’ ठरवलंय. स्वाती नक्षत्राचं चौथं चरण, म्हणजे अक्षरही ‘ता’च आलंय. वहिनीच्या माहेरचे मात्र म्हणतात, नाव जुनं आहे आणि दुःखाचं आहे. कावळा नाक्याला ताराराणी घोड्यावर बसल्यात त्या गावात हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. 1700 साली राजाराम महाराज गेले तेव्हा ताराबाई अवघ्या पंचविशीत. लहानग्या मुलाला गादीवर बसवून सात वर्षं औरंगजेबाशी झुंजल्या. 1707 ला तो दख्खनेतच मेला, स्वराज्य काही त्याच्या हाती लागलं नाही. आपली कोल्हापूरची गादी त्यांनीच उभी केली. आमच्या पोरीला यापेक्षा मोठं नाव कुठलं शोधायचं?

मंगळवार पेठ:
ताई, मान राखून सांगतो, वहिनींचे माहेरचे उगीच बोलत नाहीत. रामायणातली तारा बघा, वाली मारला गेला. बृहस्पतींची तारा चंद्राने पळवली. हरिश्चंद्राची तारामती बाजारात विकली गेली. आणि खुद्द ताराबाई? खेडच्या लढाईत शाहू महाराजांकडून हार, मग 1714 मध्ये सवत राजसबाईंच्या बाजूने उठाव होऊन मुलासकट पन्हाळ्यावर कैद. शौर्याला माझा मुजरा आहे. पण तान्ह्या पोरीच्या कपाळी एवढं सगळं कशाला?

रंकाळाकाठ:
दादा, मग सीतेच्या नशिबी वनवास कमी होता का? तरी घरोघरी सीता आहेतच की. वालीच्या तारेचं अर्धंच सांगितलंत. सुग्रीव पुन्हा लढायला आला तेव्हा ‘जाऊ नका, त्याच्या पाठीशी कुणीतरी आहे’ असं तीच म्हणाली होती, वालीने ऐकलं नाही. पुढे रागावून आलेल्या लक्ष्मणाला शांत केलं तेही तिनेच. अहल्या, द्रौपदी, सीता, तारा, मंदोदरी ही नावं आमची आज्जी रोज सकाळी घ्यायची ती काय अशुभ म्हणून? आणि पन्हाळ्याच्या कैदेवर ताराबाई संपल्या नाहीत. 1750 च्या सुमाराला, पंचाहत्तरीत, साताऱ्याच्या किल्ल्यावरून पेशव्यांना आव्हान देत होत्या.

विशाखा:
आमच्याकडे तारा म्हणजे बोधिसत्त्व, तारून नेणारी. वेरूळच्या बौद्ध लेण्यांत तिच्या मूर्ती आहेत. आमच्या घरात हे नाव कुणालाही दुःखाचं वाटणार नाही.

पोरींची शिक्षिका:
माझा विरोध वेगळा आहे. हल्ली ‘तारा’ ठेवतात ते दोन अक्षरी, परदेशातही सहज उच्चारता येतं म्हणून. माझ्या वर्गातल्या तारांच्या पालकांना विचारलं, ताराराणींचं नाव एकानेही घेतलं नाही. ताई, तुम्हाला खरंच ताराराणींसाठी ठेवायचं असेल तर ‘ताराबाई’ ठेवा. अंबाबाईच्या गावात ‘बाई’ म्हणायला लाज वाटायचं कारण काय? 1882 मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या शिंदे ताराबाईच, आदिवासी मुलांसाठी अंगणात बालवाडी भरवणाऱ्या मोडकही ताराबाईच. तो ‘बाई’ खोडलात की नुसती चांदणी उरते.

करवीरची आत्त्या:
शिक्षिकाबाई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण ‘बाई’ हा मान आहे, तो लोक देतात. पाळण्यातल्या पोरीला आपणच कसा लावायचा? ती मोठी झाली की लावतील. आणि पालकांना माहीत नसेल तर सांगायचं काम आमचं, नाव टाळायचं नव्हे. शनिवारी भाऊ-वहिनींना घेऊन पन्हाळ्याला जाणार आहे. ताराराणींचा वाडा आहे तिथे, तोच दाखवते.

मंगळवार पेठ:
रंकाळाकाठ यांचं वालीच्या तारेबद्दलचं पटलं. तरी बाळाच्या आईच्या मनात किंतु असेल तर घाई करू नका. जन्मनोंद वेळेत झाली असेल तर दाखल्यावर नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येतं. आत्त्याचा मान मोठा आहेच, पण पोरीला दिवसातून शंभरदा हाक आई मारणार.

रंकाळाकाठ:
मग आईलाच विचारा की. इतका वेळ माहेरचे बोलतायत, सासरचे बोलतायत. वहिनी स्वतः काय म्हणतात, हे ताईंनी अजून सांगितलेलंच नाही.