बाबांना इम्युनोथेरपीच्या ट्रायलमध्ये घालावं का? तुमचे अनुभव लिहा

बाबांचं वय 71. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय. हार्मोनच्या इंजेक्शनांवर दोन वर्षं बरी गेली, मग पीएसए (प्रोस्टेटच्या कॅन्सरचा अंदाज देणारा रक्तातला आकडा) पुन्हा चढायला लागला. केमोही झाली. आता डॉक्टरांनी एका ट्रायलचं सुचवलंय. औषधाचं एक टोक कॅन्सरच्या पेशीला धरतं, दुसरं टोक आपल्याच टी-पेशीला (रोगाशी लढणारी पांढरी पेशी), म्हणजे टी-पेशी तिथेच कॅन्सरवर तुटून पडावी. फेज एक, म्हणजे अगदी सुरुवातीचा टप्पा आहे. आई म्हणते, "त्यांच्यावर प्रयोग नकोत." भाऊ म्हणतो, संधी हातची जाईल. मला रात्र रात्र झोप नाही. ज्यांच्या घरी हा प्रश्न येऊन गेलाय त्यांनी लिहा, वाईट झालं असेल तरी लिहा.

*

ताई, आमचे अण्णा अशाच औषधाच्या फेज एकमध्ये होते. पहिला डोस अ‍ॅडमिट करूनच देतात, आणि ते का, हे त्याच रात्री कळलं. संध्याकाळी अंगात हुडहुडी भरली, तीन ब्लँकेटं घातली तरी दात वाजत होते. ताप 103, बीपी खाली. टी-पेशी एकदम चवताळल्या की असं होतं, सीआरएस (सायटोकाइन रिलीज सिंड्रोम) म्हणतात. आम्हाला आधी सांगितलेलं होतं, तरी मी हादरलो. ते शमवणारं टोसिलिझुमॅब दिलं, पहाटे ताप उतरला. अण्णांनी डोळे उघडून आधी चहा मागितला. दुसऱ्या डोसला त्रास कमी झाला. पाच महिने स्कॅन स्थिर राहिला, मग गाठी पुन्हा वाढल्या.

फेज एकमध्ये मुख्य शोध असतो तो औषध किती सोसवतं याचा. गुण येईलही, पण त्या भरवशावर जाऊ नका. आम्हाला हे नीट समजायला तिसरी भेट लागली. अण्णांना मात्र पहिल्याच भेटीत समजलं होतं.

*

पप्पांना सिप्युल्यूसेल-टी मिळालं. ते ट्रायलमधलं नव्हे, अमेरिकेत 2010 सालीच मंजूर झालेलं. आधी रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी काढून घेतात, त्या बाहेर तयार करून काही दिवसांनी परत चढवतात. असं तीनदा. दोन्ही हातांत सुया, काही तास हात वाकवायचे नाहीत. पाण्याचा स्ट्रॉ मी त्यांच्या ओठांशी धरून बसायचे. पीएसए तसूभर उतरला नाही आणि पप्पा खचले. त्या औषधाच्या मोठ्या ट्रायलमध्येही पीएसए फारसा हलला नव्हता, तरी मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याच्यापेक्षा जास्त जगले तो आकडा) 21.7 महिन्यांवरून 25.8 वर गेलं होतं. हे कोणी आधी समजावलं असतं तर ते दोन महिने त्यांनी रिपोर्टकडे बघत काढले नसते.

*

आम्ही भावंडं पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासाठी हटून बसलो होतो. दुसऱ्या कॅन्सरमध्ये त्याचे चमत्कार वाचले होते ना! डॉक्टरांनी आधी गाठीची एमएसआय तपासणी (पेशीतली डीएनएची दुरुस्ती बिघडलीय का ते बघणारी) केली; ती पॉझिटिव्ह असेल तर हे औषध लागू पडायची शक्यता जास्त. प्रोस्टेटमध्ये ती शंभरात जेमतेम दोन-तीन जणांची पॉझिटिव्ह येते. वडिलांची नव्हती. सरसकट रुग्णांवरच्या मोठ्या ट्रायल्समध्ये त्या औषधाने आयुष्य वाढलं नाही, हे त्यानंतर वाचलं. तपासणी झाली नसेल तर आधी ती विचारा.

*

आमचं घोडं स्क्रीनिंगलाच अडलं. आधीचं औषध थांबवून चार आठवडे थांबायचं होतं, आणि तेवढ्यात हिमोग्लोबिन घसरलं. नाकारलं. पाठदुखी अंगावर काढत आप्पा रेडिएशन पुढे ढकलत राहिले, कारण ट्रायल हातची जाईल ही भीती. राग अजून आहे माझ्या मनात, त्या टीमवर आणि स्वतःवरही. या मधल्या काळात दुखण्याचं काय करायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

*

बाबा नको म्हणाले. आम्ही ऐकलं.

*

संमतीपत्र घरी आणा, तिथल्या तिथे सही करू नका. आमच्या वडिलांनी पेन्सिल घेऊन अख्खी पानं वाचली आणि एका वाक्याखाली दोनदा रेघ मारली: केव्हाही बाहेर पडता येईल, नेहमीचे उपचार थांबणार नाहीत. ते वाचल्यावरच त्यांचा चेहरा सैल झाला. तुमची आई, भाऊ, तुम्ही काय म्हणता ते कळलं. बाबा काय म्हणतात?

*

शेवटचा प्रश्न वाचून गप्पच झाले. काल संमतीपत्र बाबांना वाचून दाखवलं. मध्येच थांबवून त्यांनी कॅलेंडर मागितलं, आणि अ‍ॅडमिट राहायच्या रात्री, स्कॅनचे दिवस, रक्ताचे दिवस असे एकेक करून बोटाने मोजले. म्हणाले, "घरी किती रात्री मिळतील, ते विचार आधी. मग सांगतो." सोमवारी अपॉइंटमेंट आहे. आईही येते म्हणालीय.